गवत काढावे

"तुम्हीच कळवलंत ना वसाहतीच्या ऑफिसात?" पंपवाल्या काकांनी खराटा खाली ठेवून कुंपणापलीकडे विचारलं.

शेजारच्या रिटायर्ड नर्सबाई गवताला पाणी घालत होत्या. "मी कशाला कळवू? मला माझे गुडघे पुरेत."

काकांचा विश्वास बसला नाही. चाळीस वर्षं पंप दुरुस्त केलेल्या माणसाला गळती कुठून होते ते कळतं, असा त्यांचा दावा होता. ही गळती शेजारूनच होती, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. बाई रोज सकाळी कप घेऊन खिडकीत उभ्या. एक चहा प्यायला एवढा वेळ लागतो का कुणाला?

भानगड सुरू झाली ती वसाहतीच्या चिठ्ठीवरून. बायको गेल्यावर काका मुलाकडे राहायला आले आणि तिसऱ्याच महिन्यात दारावर चिठ्ठी लागली: 'अंगणातील वाढलेले गवत काढावे.' काकांना आनंदच झाला. त्यांच्या गावाकडे अंगण म्हणजे उघडी, चोपलेली माती. बायको रोज पहाटे झाडायची आणि म्हणायची, "दारात गवत दिसलं की लोकांना वाटतं, या घरात आता कुणी राहत नाही." काकांनी खुरपं घेतलं आणि चार दिवसांत सगळं गवत मुळासकट काढलं. मशीन फिरवून ते बोटभर ठेवायचं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मग दुसरी चिठ्ठी आली: 'गवत का काढले, याचा खुलासा करावा.'

"काढा म्हणतात, आणि काढलं की का काढलं म्हणतात!" काका भडकले.

मुलगा मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "बाबा, लावून टाकू ना परत. कशाला वाद?"

"मग सकाळी मी झाडू काय?"

बायकोचं म्हणावं असं काकांकडे एवढंच उरलं होतं: तिचा खराटा आणि सकाळची ती वीस मिनिटं.

खुलासा द्यायला काका स्वतःच ऑफिसात गेले. "आधी तक्रार कुणाची ते दाखवा. शेजारच्या बाईंचीच ना?"

"त्यांची? त्या तर उलट भांडून गेल्या. राहू द्या म्हणाल्या त्यांचं अंगण," कारकून म्हणाला आणि कंटाळून त्याने फाइल पुढे सरकवली.

कागदावर सही मुलाची होती. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली. ती खोड मोडायला काकांनी एकेकाळी त्याच्याकडून पानंच्या पानं गिरवून घेतली होती. वर लिहिलं होतं, 'गवताच्या बाबतीत वडील माझे ऐकत नाहीत. ऑफिसकडून सांगितल्यास बरे.'

काकांना फार लागलं. खुलासा न देताच ते उठले.

जेवताना मुलाने मान खाली घालूनच विचारलं, "कळलं का, कुणी तक्रार केली ते?"

"नाही," काका म्हणाले. "कारकून नाव सांगत नाही. तू लाव गवत."

रविवारी गवताच्या चटया अंथरल्या. काकांनी स्वतः पाणी मारलं. पायरीपाशी मात्र ताटाएवढी जागा उघडी ठेवायला लावली. सोमवारी नर्सबाई खिडकीत आल्या, तेव्हा ते तेवढीच माती झाडत होते. काकांनी पहिल्यांदाच त्यांना हात केला. झाडणं दोन मिनिटांत संपलं. मग त्यांनी परत पहिल्यापासून झाडायला घेतलं.