एप्रिलच्या बरणीतली ओल

मालक राजानंदशेठनं सरळ सांगून टाकलं, "पोरानं पिंपाचं झाकण उघडं टाकलं, अन् स्वतःच्या हातानं मेला." सांगणारच की! मेलेलं माणूस थोडंच उलटून बोलतंय?

हरिओम जालन्याच्या एमआयडीसीत नव्या जातीच्या बॅटरीची पूड भरायचा. ही पूड भलती नाजूक. दमट हवा लागली की नासते अन् विषारी वायू सोडते. मे महिन्यात, भर दुपारी, बंद खोलीत त्या वायूनं त्याचा जीव घेतला. त्याची आई उषाबाई एकच म्हणायची, पोरगं गेलं, निदान त्याच्या नावाला काळं फासू नका.

त्याची थोरली बहीण आकांक्षा परगावी राहून तिथल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मोठ्या चुंबकाचं यंत्र चालवायची. कारखान्यात दर महिन्याच्या पुडीचा नमुना हरिओमच्या त्याच खोलीत भरून बरणीत बंद ठेवत. शेठच्या हातापाया पडून तिनं चार बरण्या मिळवल्या. नुसत्या झाकणाची चूक असेल, तर एकट्या मेची पूड नासलेली निघणार.

पूड भरलेली नळी चुंबकात गरगर फिरते, अन् पुडीतला फॉस्फरस कुणाला धरून बसलाय ते पडद्यावर उमटतं. गंधकाला धरून असेल तर पूड चांगली. ऑक्सिजनला धरलं, म्हणजे ओल शिरली. फेब्रुवारी स्वच्छ. मार्चही स्वच्छ. एप्रिलला मात्र नको त्या जागी उंचवटा आला, मेमध्ये तो दुप्पट झाला.

आकांक्षा खुर्चीतच रडली. भाऊ सुटला! नासाडी महिनाभर चालली होती, झाकणाचा काही संबंध नव्हता. पण जालन्याच्या एप्रिलात, जिथं ओठसुद्धा फुटतात, तिथं ओल आली कुठून? विचार करतच ती जालन्याला आईकडं पोचली.

"माय, हरीची चूक न्हाई. एप्रिलपासून खोलीतच ओल होती."

उषाबाईनं पदर डोळ्याला लावला, लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. "देव पावला गं बाई! एप्रिलात तर लेकरू लई सुखात होतं. तू घरासाठी पाठवल्ता न्हाई का पाण्याचा कूलर, तो त्यानं त्या खोलीत नेऊन लावल्ता. म्हनायचा, ताईमुळं जीव वाचला."

आकांक्षाच्या तोंडचं पाणी पळालं. कूलर कुठं लावला, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं, तर त्याच दिवशी बंद करायला लावला असता.

"मंग ओल कशाची व्हती गं?" उषाबाईनं विचारलं.

खोटं बोलावं, असं तिला फार वाटलं.

"कूलरची, माय."

उषाबाईनं तिच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.