पासष्टच्या आत

मनवाच्या वजनाचा आकडा बघून वैशालीला आधी काट्याचाच राग आला. सहासष्ट किलो आठशे. लोअर परळच्या ज्या व्यायामशाळेत तो काटा होता तिथला पंखासुद्धा धड फिरत नव्हता, मग काटा कुठला खरं बोलायला, असं तिचं म्हणणं. पण कबड्डी शिकवणाऱ्या दीपकसरांनी पाच लिटर पाण्याचा सीलबंद कॅन काट्यावर ठेवून दाखवला आणि आकडा बरोबर निघाला, तेव्हा तिला तोंड मिटावं लागलं.

कुमारी गटात पासष्ट किलोंच्या वर एक ग्रॅमही चालत नाही. मनवा एकोणीस वर्षांची, म्हणजे या गटातलं हे तिचं शेवटचं वर्ष. सहा आठवड्यांनी मुंबईच्या संघाची निवड होती. डाव्या कोपऱ्यावर मनवा उभी राहिली की चढाईला आलेल्या पोरीला आपला पाय सहजासहजी परत मिळत नसे, हे सगळ्या मैदानाला ठाऊक होतं. पण काट्याला पकड दिसत नाही.

"वहिनी, रागवू नका," दीपकसर म्हणाले, "पण घरच्या जेवणानंच पोरींचं वजन वाढतं. मी तक्ता देतो. ओट्स, ब्रोकोली, डब्यातली पावडर. निवडीच्या आधी दोन दिवस पाणी तोडायचं आणि रेनकोट घालून धावायचं. सगळ्याच करतात."

सर मनाने चांगले होते, पण नको त्या बाईसमोर नको ते बोलले. वैशालीने वीस वर्षं नवऱ्याला डबा दिला होता. बुद्धभूषण बेस्टची बस चालवायचा. त्याच्या डेपोतल्या अर्ध्या ड्रायव्हरांच्या पोटाची बटणं लागत नव्हती आणि हा अजून लग्नातली पँट घालायचा. हे प्रमाणपत्र वैशाली कुठल्याही भांडणात बाहेर काढी.

"पाणी बिणी काही तोडायचं नाही," ती म्हणाली. "सहा आठवडे मला द्या. पोरगी पोटभर जेवेल आणि पासष्टच्या आत येईल. नाही आली तर तुमचा तक्ता मी भिंतीला चिकटवून ठेवीन."

घरी आल्यावर मात्र तिला धडकी भरली. तोंडाने बोलून बसलो, आता पोरीचं वर्ष आपल्या तव्यावर आहे, हे तिच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने स्वयंपाकघराचा ताबा असा घेतला, की बुद्धभूषण चहात साखर घालतानाही तिच्याकडे बघू लागला. पहाटे धावायला जाण्याआधी मनवाला मूठभर भिजवलेले चणे. धावून आली की ताक घातलेली नाचणीची आंबील, नाहीतर दोन घावण आणि ओल्या चटणीचा गोळा. कॉलेजच्या डब्यात तांदळाची दीड भाकरी, लाल माठ किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी, मोडाच्या मुगाची उसळ, काकडी. चार वाजता उकडलेलं अंडं. रात्रीचं जेवण साडेसातला, म्हणजे साडेसातलाच: कुळथाची पिठी आणि पळीभर भात, नाहीतर मांदेली मासळीचं झणझणीत तिखलं आणि एक भाकरी. तळण बंद, बेकरीची खारी बंद.

यात नवीन काहीच नव्हतं. हे सगळं त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शिजत आलेलं. वैशाली ज्या टॉवरमध्ये पँट्री सांभाळायची तिथल्या साहेबबायका हीच नाचणी चकचकीत पाकिटातून आणून एकमेकींना कौतुकाने चाखवायच्या. वैशाली त्यांच्या कपात चहा ओतता ओतता मनात म्हणे, माझी पोरगी दात आल्यापासून हेच खाते गं बायांनो.

दोन आठवड्यांनी मनवा काट्यावर चढली. सदुसष्ट.

दीपकसरांनी आकडा नुसता वहीत उतरवला. ते बोलले असते तर वैशालीला बरं वाटलं असतं. मनवा खाली उतरली आणि बुटांची नाडी बांधत बसली, सुटलेली नसताना. 

"बाहेर काही खातेस?" दार लोटून वैशालीने विचारलं.

"नाही गं आई. शप्पथ. वडापावकडे बघितलंसुद्धा नाही मी."

पोरगी खोटं बोलणारी नव्हती. मग चूक आपल्याच हाताची. वैशालीने त्या रविवारी तेलाची बरणी तपासली, भाकरीचं पीठ वाटीने मोजलं, आणि काही सापडेना तेव्हा रडू दाबत भांडी घासायला मोरीत बसली. घासलेल्या वाट्या एकेक करून फळीवर पालथ्या घालत गेली. स्टीलच्या वाट्या, बुडाशी नावं कोरलेल्या. एकीवर रमाकांत, दुसरीवर सुनेत्रा, तिसरीवर राधा, चौथीवरही राधा. फळीवर अकरा वाट्या झाल्या आणि त्यातली एकही तिची नव्हती.

ती तशीच ओल्या हातांनी उभी राहिली.

चाळीत वाटी रिकामी परत करायची नसते. शेजारणीने काही पाठवलं की तिची वाटी आपण काहीतरी घालून परत करायची, मग ती आपली वाटी तशीच भरून पाठवते, आणि हे चक्र जन्मभर थांबत नाही. त्यात मनवा मजल्याची लाडकी. पोरगी मुंबईकडून खेळणार म्हणून जो तो तिच्यात ताकद भरायला बसलेला. रमाकांतमामांकडून साजूक तुपातला शिरा, सुनेत्राताईंकडून डिंकाचे लाडू, राधाकाकींकडून ओल्या खोबऱ्याच्या वड्या आणि दर दुसऱ्या दिवशी नारळाचा गोड रस घातलेल्या शिरवाळ्या. वैशालीने घरातला दाणा न्‌ दाणा मोजला होता. वाट्या तिने मोजल्याच नव्हत्या, कारण वाटी म्हणजे खाणं असं तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. वाटी म्हणजे मान.

"तूच सांगितलंस ना," मनवा मागून म्हणाली. तिला आईच्या चेहऱ्यावरून सगळं कळलं होतं. "लहानपणापासून. वाटीला नाही म्हणायचं नाही."

सांगितलं होतं. आणि ते उगीच सांगितलं नव्हतं. वैशालीच्या सासूबाई लग्न होऊन या मजल्यावर आल्या तेव्हा त्यांची वाटी कोणी घेत नसे. नाव कळलं, घरात बाबासाहेबांचा फोटो दिसला, की पुढचं लोकांना सांगावं लागत नव्हतं. बुद्धपौर्णिमेला पाठवलेली खीर दारातूनच परत यायची. अशी सहा वर्षं गेली. सातव्या वर्षी शेजारच्या खोलीत मालवणकडची राधा नवरी होऊन आली. तिने स्वतःच्या सासूच्या डोळ्यांदेखत ती वाटी हातात घेतली, उंबऱ्यातच उभं राहून बोटाने चाटूनपुसून खाल्ली, आणि सुक्या जवळ्याची चटणी भरून परत केली. त्यापायी तिला घरात काय ऐकावं लागलं ते तिलाच माहीत. पण तिच्या मागोमाग एकेक दार उघडत गेलं. सासूबाई शेवटच्या आजारातसुद्धा म्हणायच्या, राधाची वाटी कधी परत पाठवू नका.

आता त्याच राधाकाकींना जाऊन नाही म्हणायचं होतं.

वैशालीने त्या दुपारी अकराही वाट्या पुसल्या, परातीत घातल्या आणि दारोदार गेली. "एक महिना मनवाला काही पाठवू नका. वजनाचं आहे. राग मानू नका." रमाकांतमामा हसले, म्हणाले, तुपाचा डबा लपवून ठेवतो. सुनेत्राताईंनी उलट तिलाच झापलं, "आधी नाही का सांगायचं? आम्ही आपले भरवतोय!" पाचसहा घरं अशी सोपी गेली.

राधाकाकी उंबऱ्याशी नारळ खवत बसल्या होत्या. वैशालीने दोन्ही वाट्या पुढे केल्या आणि पाठ केलेलं वाक्य कसंबसं म्हटलं. काकींनी वाट्या घेतल्या. आत बघितलं.

"रिकामी?"

"काकी, महिन्याचाच प्रश्न आहे. मनवाचं—"

"माझ्या वाटयेत काय इख होता गो?"

एवढंच बोलून त्या उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. चाळीत भरदुपारी लावलेलं दार सगळ्या मजल्याला ऐकू जातं. वैशाली परात छातीशी धरून तिथेच थांबली. तिला परत हाक मारावीशी वाटली. पण हाक मारली तर काकी वड्यांची ताटली घेऊन बाहेर येतील आणि आपल्याच्याने नाही म्हणवणार नाही, हेही तिला कळत होतं. ती घरी गेली.

पुढच्या चार आठवड्यांत राधाकाकी तिच्याशी बोलल्या नाहीत. नळावर पाठमोऱ्या राहिल्या. मनवाने "काकी, येते हां धावून" म्हटलं तर नुसती मान हलवली. वैशाली रोज आंबील ढवळताना भिंतीपलीकडच्या खवणीचा आवाज ऐकायची आणि तिचं काळीज तुटायचं. पण तिने आंबील ढवळणं सोडलं नाही. काकींसाठी जीव तुटत होता हे खरं, आणि पोरगी तिची होती हेही खरं.

तिसऱ्या आठवड्याला सहासष्ट तीनशे. चौथ्याला सहासष्टच्या खाली. पोरगी उपाशी नव्हती, चिडचिडी नव्हती, संध्याकाळी मैदानावर तिचा दम इतरांच्या मागून संपत होता. पाचव्या आठवड्यात दीपकसरांनी वैशालीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ती कुळथाची पिठी, ती कशी करतात हो?"

निवडीच्या सकाळी मैदानाच्या कडेला टेबल मांडलं होतं. पुढच्या रांगेतली एक पोरगी दोन दिवस पाण्याविना होती; ओठ फुटलेले, उभ्या उभ्या झोकांड्या जात होत्या. मनवा घावण खाऊन आली होती. तिने बूट काढले आणि काट्यावर चढली.

"चौसष्ट किलो सातशे," टेबलामागचा माणूस म्हणाला आणि त्याने पुढचं नाव पुकारलं. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही. वैशालीला मात्र त्या तीन शब्दांनी असं भरून आलं, की तिने दीपकसरांसमोरच पदर डोळ्यांना लावला. मग मनवा खेळली. कशी खेळली हे इथे सांगत बसत नाही. दुपारी चारला यादी लागली त्यात तिचं नाव तिसरं होतं, एवढं पुरे आहे.

संध्याकाळी चाळीत टाळ्यांचा, शिट्ट्यांचा नुसता कल्ला झाला. बुद्धभूषण ड्यूटीच्या खाकी कपड्यांतच लेकीला उचलायला धावला आणि कमरेला हात लावून परत फिरला. सगळे आले. शेजारचं दार लोटलेलंच राहिलं. त्या दाराकडे बघायचं नाही असं ठरवून वैशालीने साडेसातच्या जेवणाची तयारी केली. आजही रोजचंच करायचं, असं मनवाच म्हणाली होती. वैशालीने कुळथाचं पीठ कालवलं, लसणीची फोडणी दिली, तवा तापत ठेवला.

"गो वैशाली."

उंबऱ्यावर राधाकाकी उभ्या होत्या. हातात वाटी नव्हती. काहीच नव्हतं. त्या आत आल्या, बुद्धभूषणला हाताने "सरक" अशी खूण केली आणि त्याच्या शेजारी फरशीवर मांडी घातली. गुडघे कुरकुरले, पण बसल्या.

"पान वाढ माका."

वैशालीच्या हातातली पळी तशीच राहिली. पन्नास वर्षांत वाट्या किती आल्या न्‌ गेल्या, त्याला गणती नव्हती. पण काकी या घरात पानावर बसून कधी जेवल्या नव्हत्या. हे इतकी वर्षं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"काकी, आज काहीच केलं नाही हो," ती गडबडली. "थांबा, पापड तळते. मनवा, धाव, खालून श्रीखंड—"

"श्रीखंड खाऊक येवक नाय मी," काकी म्हणाल्या. "रोजचा वाढ. पोरगीक घातलंस ता."

वैशालीने वाढलं. नाचणीची भाकरी, पिठी, लाल माठ, काकडीच्या चार फोडी. काकींनी भाकरीचा तुकडा पिठीत बुडवला आणि सावकाश खाल्ला. मग बोलल्या, पानाकडे बघतच.

"रिकामी वाटी हातात इली काय कसा लागता, ता माका ह्या वयात कळला. चार आठवडे. तुझ्या सासून सहा वर्सां काढल्यान." त्यांनी पुन्हा घास घेतला. "वाटयेन भागत होता म्हणान मी हंय बसाक कधी इलंय नाय. तिच्या हयातीतच बसाक होया होता."

 बुद्धभूषण मान खाली घालून भात कालवत राहिला. भात केव्हाचा कालवून झाला होता. मनवा उठली आणि काकींच्या दुसऱ्या बाजूला खेटून बसली.

तेवढ्यात सुनेत्राताई पेढे घेऊन दाराशी आल्या आणि आतलं बघून उंबऱ्यावरच थबकल्या. त्यांच्या मागे आणखी दोघी थांबल्या.

"काय बघतंस?" राधाकाकी सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "जेवतंय. आमच्या वैशालीकडे." आणि ताट पुढे सरकवलं. "पिठी घाल गो आणखी. बरी झाली हा."

वैशालीने पिठी वाढली. तिला हसू येत होतं. पोरीच्या निवडीचा आनंद दुपारी झालाच होता. पण आपल्या रोजच्या जेवणाचा एवढा अभिमान तिला जन्मात कधी वाटला नव्हता. ती तव्याकडे वळली आणि आणखी एका भाकरीचं पीठ मळायला घेतलं.