मी सतरंजी, देवाची नव्हे, पंचायतीची

मी ग्रामपंचायतीची सतरंजी बोलतेय. होय, पंचायतीची! हे पहिल्यांदाच ठणकावून सांगते, कारण बावीस वर्षं आख्ख्या गावाचा समज होता की मी देवाची आहे. माझं गाव म्हसावदच्या वाटेवर आहे. नाव सांगत नाही. गावाला मिरवायची हौस नाही, ती मला आहे.

धुळ्याच्या बाजारातून मला आणलं तेव्हा माझे निळे-तांबडे पट्टे असे ठसठशीत होते की बघणाऱ्यानं दोनदा बघावं. एका कोपऱ्यावर काळ्या रंगात 'ग्रा. पं.' लिहिलं होतं. लांबी-रुंदी म्हणाल, तर साठ माणसं मांडी घालून आरामात बसतील.

पण पंचायतीच्या खोलीत उंदीर फार. म्हणून मला खंडेरावाच्या मंदिरातल्या कोठीत ठेवलं, टाळ-मृदंगाच्या शेजारी. ग्रामसभाही मंदिराच्या मंडपातच भरायची. सावली होती, पंखा होता, आणखी काय हवं? देवळाची देखरेख लोटनआप्पांकडे. मला अंथरायचं काम तेच करायचे, आणि अंथरताना तो अक्षरांचा कोपरा हळूच आत दुमडायचे. देवापुढे सरकारी अक्षरं बरी दिसत नाहीत म्हणे! मला राग यायचा, पण वर्षातून एकदा गोमाई नदीवर नेऊन माझी पाठ चोळून धुवायचेही तेच. त्यामुळे गप्प बसायची.

गावानं माझ्यावर काय काय केलं! जेवणावळी उठवल्या, भंडारा उधळला. एकदा तर कुणीतरी माझ्यावर लाल मिरची वाळवली. त्यानंतरची ग्रामसभा सगळ्यात लवकर संपली, कारण सरपंचांसकट सगळे शिंकत होते.

एरवी सभेची रीत ठरलेली. आधी आरती, मग नारळ, मग ठराव. घंटा वाजली की हात वर, आणि लगेच लिहायचं, 'सर्वानुमते मंजूर'. बावीस वर्षांत माझ्यावर बसून एकदाही कुणी 'नाही' म्हटलं नव्हतं. मी केवढी फुशारकी मारायची! आमचं गाव किती एकजुटीचं, म्हणून कोठीतल्या मृदंगाला सांगायची. अहो, खुळी होते मी.

गावाला जोडून डोंगराच्या अंगाला एक पाडा आहे. तिथली माणसंही याच पंचायतीत येतात. सभेला ती यायची, पण मंडपाच्या पायऱ्यांखाली उभी राहायची. वर येऊ नका असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. या, बसा, असंही कुणी म्हटलं नव्हतं.

मागच्या पंधरा ऑगस्टला बोअरचा ठराव आला. सरकारी योजनेतून एकच बोअर मिळणार होती. सरपंच नवनीतभाऊ म्हणाले, यात्रेला येणाऱ्या भाविकांसाठी ती देवळाशेजारी घेऊ. घंटा वाजली, हात वर गेले. झालं मंजूर! तेवढ्यात पायऱ्यांखालून आवाज आला, "मॅडम, आमना हात मोजा का?"

त्या होत्या फुलवंताबाई, पाड्यातून निवडून आलेल्या पंचायत सदस्य. पाड्यातल्या बायका उन्हाळ्यात पाण्यासाठी नाल्यात झिरे खोदत बसतात, वाटी-वाटीनं हंडा भरतात. फुलवंताबाईंची सून रविना तेव्हा पोटुशी होती, तरी पाण्याच्या रोज दोन खेपा करायची.

आमच्या ग्रामसेविका रोहिणीताई नव्याच बदलून आलेल्या. त्यांनी हजेरीचं रजिस्टर चाळलं. ते गाभाऱ्याजवळच्या चौरंगावर ठेवलेलं असायचं, त्यामुळे पाड्यातली एकही सही नव्हती. ताई पायऱ्या उतरून खाली गेल्या आणि म्हणाल्या, "फुलवंताबाई, तुम्ही सदस्य आहात. वर का येत नाही?"

फुलवंताबाईंनी पदर सावरला. "आमना देव डोंगरवर शे, ताई. तुमना देवले बी आम्हीन हात जोडतस. पन दुसराना देवना घरमा जाईसन भांडाले कसं येवानं?"

रोहिणीताई म्हणाल्या, "मग हा ठराव पुन्हा मांडू. दोन ऑक्टोबरला सभा पंचायतीसमोर, निंबाखाली भरेल."

नवनीतभाऊ तडकले. "मंडपमा काय वाईट शे? सावली शे, पंखा शे, देव समोर शे, कोनी खोटं बोलाव नही!"

ताई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, आरतीला मीही येईन. पण सभा सगळ्यांची आहे."

लोटनआप्पा तर पेटलेच. "सतरंजी देवनी शे! ती बाहेर जावाव नही!" असं म्हणत त्यांनी मला गुंडाळायला घेतलं आणि त्या घाईत दुमडलेला कोपरा उलगडला. रोहिणीताईंनी अक्षरं मोठ्यानं वाचली. काय सांगू, बावीस वर्षांनी कुणीतरी मला माझ्या नावानं हाक मारली! आप्पा मात्र मला अर्धवट गुंडाळलेली सोडून घरी निघून गेले.

दोन ऑक्टोबर उजाडला. मला कोण नेणार याची सगळ्यांना चिंता. आणि बघते तर काय, सत्तरीचे लोटनआप्पा मला खांद्यावर टाकून निंबाखाली घेऊन आले! धापा टाकत त्यांनी मला अंथरलं. अक्षरं वर ठेवून, बरं का. सकाळची आरती ते देवळात आटोपून आले होते. निंबाखाली ना घंटा होती ना नारळ. चौरंगाऐवजी रजिस्टर टेबलावर होतं.

पाड्यातली माणसं आली आणि नेहमीप्रमाणे कडेला उभी राहिली. फुलवंताबाई मात्र सरळ येऊन माझ्या मधोमध बसल्या. त्यांचं बघून बाकीचे बसले. त्यांच्या पायांची लाल माती मला लागली आणि मी सुखावले.

मग काय भांडण झालं म्हणता! सगळे एकदम बोलत होते. ताईंनी कसंबसं शांत करून विचारलं, "बोअर देवळाशेजारी घ्यायची, हे कुणाला मान्य नाही?"

पाड्यातले हात वर गेले, पण ते कमी पडत होते. गावातली माणसं एकमेकांकडे बघत राहिली. देवाच्या कामाला नाही म्हणायची सवयच नव्हती कुणाला. तेव्हा माझ्या काठावरून गुडघ्यावर हात टेकत लोटनआप्पा उठले.

"बावीस वरीस मी बी तोंड उघाडं नही," ते म्हणाले. "मन्हा मनमा कैक दाव 'नही' व्हतं, पन देवना समोर 'नही' कसं म्हनानं? आज म्हनस. मन्हं 'नही' शे. देवले पानी भराले मी जित्ता शे. पाडाले कोन भरी?"

देवळाचा माणूसच नाही म्हणाला! मग नवनीतभाऊंच्या शेजारी बसलेल्यांचेही हात वर गेले. त्या दिवशी ताईंनी लिहिलं, 'बोअर पाड्यावर, बहुमताने मंजूर', आणि बोअर पाड्यावर गेली. त्या एका 'बहुमताने'वरून मी बावीस वर्षांचे सगळे 'सर्वानुमते' ओवाळून टाकीन.

परवा एक मेची सभा झाली. रविना तान्ह्या पोरीला घेऊन आली होती. सभा ऐन रंगात आली आणि पोरीनं मला भिजवलं. रविना घाबरून पदरानं पुसायला लागली. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे वं बेटी, हाई पंचायत शे. धुवाई जाई."

सभा उठल्यावर तिनं पाड्यावरून भरलेली कळशी आणली आणि माझ्यावर ओतली. नव्या बोअरचं पाणी ते!

आता मी विरले आहे, दोन ठिकाणी भोकं पडली आहेत. नवी आणायचं चाललंय, जरूर आणा. पण लोकहो, तोवर माझ्यावर येऊन बसा, आणि मनात 'नाही' असेल तर ते मोठ्यानं म्हणा. तुमचं भांडण सोसायला मी अजून घट्ट आहे.