व्हय म्हाराजा

पेजेच्या टोपावरची झाकणी खडखडली आणि बाहेरच्या खोलीतून सर्वेश ओरडला, "कट! गो पूजा, तां बंद कर पयलां!"

मी बसल्याबसल्या खालच्या शेगडीचा गॅस बारीक केला. त्याचं रेकॉर्डिंग चालू असलं की घरात पंखासुद्धा फिरत नाही. गौरजा माझ्या मांडीवर, घामानं केस कपाळाला चिकटलेले, ओठांवर बोट ठेवून बसलेली. पाच वर्षांच्या पोरीला आम्ही गप्प बसायला शिकवलंय.

सर्वेश कुडाळच्या कोर्टात वकील होता. एका निवडणुकीत कुठल्याशा चॅनेलनं त्याला चर्चेला बोलावलं, आवाज चढवणं त्याला जमलं, आणि मग काळा कोट फक्त कॅमेऱ्यापुरता उरला. आता त्याचं स्वतःचं चॅनेल आहे, 'गाऱ्हाणां'. देवळात गाऱ्हाणं घालतात ना, एकानं देवाकडे मागायचं आणि बाकीच्यांनी दर मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, तसंच. हा हव्या त्याला झोडपतो, खाली लोक 'व्हय म्हाराजा' लिहितात. त्याच नावानं तो कोकम सरबत विकतो. बाटलीवर हात जोडलेला त्याचाच फोटो.

"तर मंडळी," तो परत सुरू झाला, "वकिलीत असताना माझ्याकडे एक बाई आली. नवऱ्याला सोडून बांद्याच्या एका ड्रायव्हरबरोबर गेलेली..."

माझा हात टोपावरच राहिला.

ही सुभद्राकाकी. आमच्याच वाडीतली. दिरानं काजूची बाग बळकावली म्हणून सर्वेशकडे आली होती. उद्या कोर्टात कुणी उकरून काढेल, त्यापेक्षा आपल्या वकिलाला आधीच ठाऊक असावं, म्हणून तिनं ते सांगितलं. याच स्वयंपाकघरात, कारण बाहेर दुसरी माणसं बसली होती. काही महिन्यांनी ती घरी परतली तेव्हा नवऱ्यानं एक शब्द विचारला नाही, नुसतं पान वाढलं, म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबून रडली. मी दिलेला चहा तसाच निवला.

बाहेर सर्वेश त्या पानावर हसत होता. "नवरो म्हणता कसो, जेवलंस काय गो!" मग आवाज एकदम गोड. "असो. उन्हाळ्यात डोकां थंड ठेवा, घेवा गाऱ्हाणां कोकम!"

मला शिसारी आली. त्या गोड आवाजाची, घरभर मुरलेल्या सरबताच्या वासाची, सकाळी मीच इस्त्री केलेल्या त्या शर्टाचीसुद्धा.

गौरजाला खाली ठेवून मी दारात गेले. "अहो, ह्यां टाकू नकात. काकीचां आसा ह्यां."

"नाव खंय घेतलंय मी?"

"वाडीत बांद्याक गेलेली दुसरी कोण आसा? घरात सून आसा तिच्या, नातवंडां आसत. तुमी वकील होतास तिचे!"

"होतंय. आता नाय." तो मिशीवरचा घाम टिपत हसला. "वकिलीच करत रवलंय असतंय तर तुझो ह्यो फ्रीज खंयसून येतलो होतो? जा, पेज बघ. सांजेक टाकतंय."

मी आत आले, गौरजाला परत मांडीवर घेतलं आणि गॅस मोठा केला. झाकणी थडथडायला लागली. पेज उतू गेली, शेगडीवर चर्र झाली, तरी मी हलले नाही.

"पूजा!"

तो स्वतः आला, गॅस बंद केला, माझ्याकडे न बघता गौरजापुढे उकिडवा बसला.

"बाय माझी ती! शेवटाक तुझो आवाज घेवया. मी इचारतलंय, 'बरां सांगितलंय मा?' मगे तू मोठ्यान काय म्हणतलंस?"

गौरजा माझ्या पोटाशी सरकली. परवा काकीच्या पडवीत तिनं भाजलेले काजू खाल्ले होते. काकीनं तिच्या फ्रॉकचा खिसाही भरून दिला होता. अजून त्या खिशाला काजूच्या टरफलाचा काळा डाग आहे, धुऊन जात नाही.

"म्हण गो, बाय."

तिनं माझा गळा ओढून कान आपल्या तोंडाशी नेला.

"आई, नाय म्हणाचां असलां, तर म्हाराजाक काय म्हणतत?"