मागचं वजन

पिकअपच्या डाव्या आरशाची मान आजही खाली वाकलेली, काळ्या चिकटपट्टीनं बांधलेली, आणि काचेत इंदुताईच्या जागेवरून दिसणारं नुसतं गवत, गॅरेजचं ऑइल पिऊन काळं पडलेलं... मघाशी अय्याज मिस्त्रीनं तो आरसा सरळ केला होता. "काका, यात मागचा ट्रक पायता का गड्डे?" म्हणाला होता. मारोतरावांनी तो पुन्हा वाकवला. हट्टी माणूस, इंदुताईच्या मनात आलं. अशा हट्टी माणसाबरोबर माझं उभं आयुष्य गेलं आणि अजून आरशाचं कारण मला माहीत नाही.

आता दोघं पिकअपच्या मागे उकिडवे बसलेत. दिसत नाहीत, ऐकू येतात.

"एक चाक चिखलात सटकलं का सारा जोर त्यातच जाते, काका. दुसरं चाक घट्ट मातीत असून नुसतं पायत रायते. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवलं तं थोडा जोर त्या घट्ट चाकालेबी भेटते."

"मंग बसव ना."

"बसवतो. पर परवडन काय? चिखल पावसाळ्यापुरता, बाकी साल डांबर. आतल्या प्लेटा झिजतेत, तेल येगळं लागते. आन एक चाक पुरं अधांतरी झालं तं हे यंत्रबी हात टेकते. त्यापेक्षा काकू हायच की मागं! फुकटचं यंत्र."

अय्याज हसला. इंदुताईही हसली, सवयीनं.

"गाडीचं इचारलं तुले," मारोतराव म्हणाले. ते हसले नाहीत. "सांगतो उद्या."

परवडेल का! दोन बाप्ये माझ्या जागी काय बसवायचं ते ठरवतात आणि मी कॅबिनमध्ये बसून ऐकते... कारण गाडी आली त्या सालापासून शेताकडच्या पांदणीत डावं चाक जागच्या जागी फिरायला लागलं की इंदुताई दार उघडते, मागच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर चढते, मागच्या हौद्याचा, डाल्याचा, पाइप धरते आणि अंगाचा सगळा भार त्या चाकावर टाकते – उडी नाही मारायची, दाबायचं – आणि चाक माती धरतं. मागच्या आठवड्यात पाय सटकला, कंबर आदळली. तेव्हापासून हा माणूस यंत्राचं नाव घेतो, माझं घेत नाही. आणि खरं तर यंत्र कशाला हवं? पांदणीवर मुरूम पडला असता तर कोणाच्या बायकोला बंपरवर चढावं लागलं असतं? पण मुरूम पडतो तो पुढाऱ्यांच्या भाषणात, तिथं चांगला वीतभर पडतो, आणि आम्ही गाड्यांची आतडी बदलत बसतो.

गॅरेजमधून निघाले, कळंबचा रस्ता मागे पडला. मारोतराव बोलायला लागले – सोयाबीनला यंदा रंग नाही, त्या लिंबावर पोळं बसलंय, पाहिलंस काय... घरी हाच माणूस 'पाणी' आणि 'वाढ' यापलीकडे बोलत नाही. घरी पोरगा, सून, टीव्ही. आई गेल्याचं रडणंसुद्धा तो या स्टीअरिंगवर रडला होता, वणीहून येताना, गाडी न थांबवता. आणि यंत्र बसलं की? 'कंबर दुखते तुझी, घरीच राह्य.' मायेनंच म्हणेल. मायेनं म्हटलं की भांडताही येत नाही. भाडं हा एकटा नेईल, लिंबावरचं पोळं एकटाच पाहील, आणि मी सुनेबरोबर मालिका बघेन.

पांदणीच्या उतारावर गाडी थबकली. डावं चाक फिरायला लागलं. तो आवाज इंदुताईला झोपेतही ओळखू येईल. हात आपोआप दारावर गेला.

"बस."

"अवो, फसन आनखी."

"बस म्हनलं ना. कंबर कोनाची हाय?"

"माहीच हाय!"

"मंग?"

एवढं म्हणून ते उतरूनही गेले. बांधावरच्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या ओढून चाकाखाली खुपसताहेत, वाटलं. दिसेना. चिडून ती त्यांच्या जागेवर सरकली, कंबर कळवळली, तरी थोडी उंच झाली – त्यांच्या डोळ्याएवढी – आणि डाव्या आरशात बघितलं.

रस्ता नव्हता त्यात. मागचं चाक होतं, बंपरचा कोपरा होता, आणि पाइपवरची ती जागा, हात धरून धरून रंग उडालेली. तेवढंच. काच सगळी तेवढ्यानंच भरलेली. त्या कोपऱ्यात आत्ता मारोतराव वाकले होते, टकलावर चिखल... आणि इतकी वर्षं मी तिथं पाठीमागं उभी राहून याला शिव्या दिल्या, की बघ, एकदा वळून पाहत नाही.

मूर्खा. सांगायचं तरी.

ते आले. तिला आपल्या जागेवर पाहून थांबले. "चालवतं काय आता तूच?"

ती सरकली. गाडी पऱ्हाट्या मोडत, हिंदकळत वर निघाली. मारोतरावांचे डोळे सवयीनं डाव्या आरशाकडे गेले, तिथून परत समोर आले. तिनं ते पाहिलं. बसवून घ्या म्हणावं यंत्र. कंबर खरंच दुखते. मग आरसा सरळ होईल? मग हा काय पाहील? सकाळपासून ती फक्त आपलीच जागा धरून बसली होती...

"अवो," ती म्हणाली.

"काय?"

काही काम नसलं तरी गाडीत येऊ काय मी – एवढंच तर म्हणायचं होतं. पण असं विनाकारण तिनं त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि ते वाक्य तोंडात जागच्या जागी फिरत राहिलं, आणि इंदुताई त्याच्यावर भार कुठून टाकावा ते शोधत राहिली.