वाफशाच्या आधी

चिकणमातीला घाई चालत नाही. ओली असताना तिच्यात पाय घातला की ती पाय सोडत नाही, आणि तशीच तुडवून वाळली की दगड परवडला. पाणी जिरून माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, बोटानं टोचला की फुटावा, तो वाफसा. त्याची वाट बघावीच लागते. थोरल्या सुनेला, म्हणजे घरात सगळे जिला थोरलीच म्हणत तिला, हे माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि सांगणाऱ्यावर भरवसा असणं वेगळं.

नवरा गेला आणि घरामागच्या पट्टीचा प्रश्न निघालाच. दिराची वीटभट्टी, त्याला ती माती हवी होती. "वहिनी, त्या चिखलात गवत उगवायची मारामार. विटांचीच माती ती." थोरली म्हणाली, कांदा काढून दाखवते. जमीन सासऱ्याच्या नावावर. त्यानं दोघांकडे पाहून निकाल दिला. "एक हंगाम. कांदा आला तर पट्टी हिची. नाही आला तर भट्टीची. हा माझा शब्द." पट्टी राहिली तर थोरली आपल्या घामाचं खाणार होती, गेली तर जन्मभर जावेच्या हाताखाली राबणार होती.

तिनं जीव ओतला. शेणखत कालवलं, पालापाचोळा गाडला, वीतभर उंच गादीवाफे केले, पाणी निघून जावं म्हणून मधून चर काढले. कोपऱ्यात बी टाकून केलेली रोपं तर अशी तरारली की जावेनंही कुंपणावरून दोनदा मान वर केली. आणि नेमका लावणीच्या आठवड्यात पाऊस बसला. दहा दिवस हटला नाही मेला!

उघडीप पडली तेव्हा रोपं लावणीच्या वयापुढे चालली होती. थोरली खुरपं घेऊन निघाली, तर वाफ्याच्या कडेला म्हातारा सासरा उभा. त्यानं वाकून मूठभर माती दाबली, बोट टोचलं. बोट आत रुतलं, गोळा काही फुटला नाही.

"थांब," तो म्हणाला. "आठ दिवस."

"आठ दिवसांत रोपं हातची जातील."

"जाऊ देत थोडी. थांब."

बस्स, एवढंच. म्हाताऱ्याच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून खडक काढायचा. थोरलीला मात्र कालचं दिसत होतं. भट्टीवर मुलाशेजारी बसून हाच म्हातारा हसत होता. शेवटी रक्त रक्ताकडेच ओढणार. रोपं वाया गेली की हंगाम गेला, पट्टी आयती भट्टीला, आणि बोट कोणाकडे दाखवायचं? वा रे न्याय! मनात संशय शिरला की शहाण्या माणसाचे कान बहिरे होतात.

दुसऱ्या दिवशी म्हातारा दवाखान्यात गेला आणि ती वाफ्यांत शिरली. दिवसभर गुडघ्यांवर सरकत तिनं एकेक रोप चिखलात दाबलं. म्हातारा परतला, ओळी पाहिल्या आणि आत गेला.

मग ऊन तापलं. माती वरून पांढरी पडली आणि आवळत गेली. दिलेलं पाणी वरूनच वाहून चरात जाई. म्हातारा रोज एक मोठा खिळा घेऊन रोपांभोवतीची माती उकरत बसायचा. "आता मुळं तोडताय का?" एक दिवस ती ओरडली. तो उठला तो पुन्हा तिकडे फिरकला नाही.

काढणीला खुरपं टणटण वाजलं. पहार आणावी लागली. ढेकळं फोडली तर आत चपटे, वाकडे, लिंबाएवढे कांदे, निम्मे बुडाशी सडलेले. वीस वाफ्यांतून दोन टोपल्या निघाल्या. थोरली तिथेच बसली. म्हातारा खरं बोलत होता, हे आता कळलं. आता कळून काय चुलीत घालायचं?

दीर आला. ढेकूळ उचलून नखानं वाजवत म्हणाला, "वहिनी, निम्मं काम तुम्हीच केलंत. नुसती भाजायची राहिली."

"माती वाईट नाही, भावजी. मी ओल्यात शिरले. बाबांनी थांब म्हटलं होतं."

"मग तर प्रश्नच मिटला. बाबा, सोमवारी माणसं आणतो."

म्हातारा पायरीवरून उठला. "अजून एक हंगाम दे हिला. चूक हिची नाही. थांब म्हटलं, पण का ते धड सांगितलं नाही मी. मला बोलता येत नाही रे. पट्टी हिचीच व्हावी, असं मनात होतं माझ्या."

"शब्द तुमचा होता, बाबा."

"माझाच. मला तो मोडता येत नाही. म्हणून तर तुझ्याकडे मागतोय." आणि ज्याच्यापुढे घरात कोणी ब्र काढला नव्हता, त्या माणसानं पोटच्या पोरापुढे हात जोडले.

दीर दुसरीकडे बघत राहिला. "विटांची ऑर्डर घेतलीय मी," तो म्हणाला आणि निघून गेला.

थोरलीला पट्टी गेल्याचं दुःख होतंच, पण ते जोडलेले हात तिला बघवेनात. धावत जाऊन तिनं ते खाली ओढले. "नका हो बाबा. माझ्यासारखीसाठी नका. आत चला, ऊन लागतंय."

तिच्या आधारानं म्हातारा पायऱ्या चढला. उंबऱ्याशी थांबून त्यानं सोमवारी भट्टीला जाणाऱ्या पट्टीकडे पाहिलं. आता कुठे त्याला बोलायचं सुचलं होतं.

"पुढच्या वर्षी ना, आपण पावसाआधीच वाफे झाकून ठेवू," तो म्हणाला.

"हो, बाबा," थोरली म्हणाली.