दगडाची उजवी बाजू

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला दफनभूमीच्या फाटकाशेजारच्या दुकानात मिस्त्री चहा पीत बसले होते. दगडावर नावं कोरण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. माणसं पायरी चढतानाच त्यांना कळे, कुणाला घाई आहे आणि कुणाला आधी रडून घ्यायचं आहे. आज चौघं आली. पुढे निवृत्त मास्तर, त्यांच्या दंडाला धरून त्यांची बायको, मागे पंचवीस वर्षांची सून आणि सुनेच्या बोटाला धरून सहा वर्षांची चिमणी. मास्तरांचा एकुलता एक मुलगा जाऊन पाच महिने झाले होते. साधा ताप म्हणता म्हणता मेंदूत गेला आणि आठवडाभरात सगळं आटोपलं.

ही माणसं वाईट होती असं कुणी समजू नये. वाईट असती तर ही गोष्ट लिहायला सोपी गेली असती. सासू सुनेला वाढल्याशिवाय स्वतः घास घेत नसे. मास्तर रोज संध्याकाळी नातीला पाटीवर गाळलेल्या जागा भरायला शिकवत आणि उत्तर बरोबर आलं की तिच्या डोक्यावर टपली मारत.

मिस्त्रींनी नमुने दाखवले. एका करड्या दगडावर हात फिरवून सून म्हणाली, "हा बरा आहे. लहानसा. यांना भपका आवडायचा नाही."

"काळाच घेऊ," मास्तर म्हणाले. "अक्षर उठून दिसतं. आणि चांगला रुंद हवा." त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. मधोमध उभी रेघ. डावीकडे मुलाचं नाव, जन्म, मृत्यू. उजवीकडे सुनेचं नाव, जन्म आणि पुढे रिकामी जागा.

सुनेला वाटलं, आपणच चुकीचं वाचलं. "बाबा, हे तर माझं नाव आहे."

"मग? आपल्या घराण्यात जोडदगडच लागतो. माझ्या आजीचं नाव तिच्या एकोणिसाव्या वर्षी कोरलं. त्यानंतर ती त्रेपन्न वर्षं जगली, पण कुणाची तिच्याकडे बोट दाखवायची छाती झाली नाही."

त्रेपन्न वर्षांत आजीला काय वाटलं, हे मात्र कुणी विचारल्याचं घरात कुणालाच आठवत नव्हतं.

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली. "मास्तर, मृत्यूच्या सालाचे पहिले दोन अंक आत्ताच कोरून ठेवू का? नंतर दोनच कोरावे लागतील. आम्ही जोडदगडाला तसंच करतो."

"कोरून ठेवा," मास्तर म्हणाले. "वीसच येणार. शंभरी थोडीच गाठायची आहे तिला!"

ते कसनुसं हसले. चिमणी खाली बसून मिस्त्रींनी आखणी करून टाकलेले खडूचे तुकडे फ्रॉकच्या खिशात भरत होती.

सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिथल्या मालकीणबाई महिन्यापूर्वी काचा पुसता पुसता म्हणाल्या होत्या, "वर्ष सरू दे, मग बोलू. माझ्या भावाचीही बायको गेली. शांत माणूस आहे, लेकरांची आवड आहे." सून हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. पण त्या दिवशी घरी जाताना तिला पाच महिन्यांत पहिल्यांदा सपाटून भूक लागली होती. आपण अजून जिवंत आहोत, एवढंच तिला कळलं होतं, आणि तेवढं तिला पुरेसं होतं.

दगड ठरला त्या रात्री तिने माहेरी फोन केला. "अप्पा, ते दगडावर माझं नाव कोरताहेत."

"अगं, दगडच तो," अप्पा म्हणाले. "नाव कोरल्याने कुणी मरतं का? आणि मी मध्ये पडलो तर तुझंच तिथलं राहणं अवघड होईल, बाळ." पोटच्या मुलीसाठीसुद्धा माणूस हात झटकतो तो असा, अगदी मायेने.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती एकटी मिस्त्रींकडे गेली. "उजवी बाजू कोरू नका."

मिस्त्रींनी टाकी खाली ठेवली. "काम मास्तरांनी दिलंय, बाई."

"नाव तर माझं आहे ना?"

मिस्त्रींनी दगडावरची धूळ फुंकली. तीस वर्षांत त्यांनी हजारो नावं कोरली, पण ज्याचं नाव, तो माणूस असा दुकानात येऊन कधी उभा राहिला नव्हता. शेवटी ते म्हणाले, "फार तर... हळू कोरतो."

आणि खरंच बारा दिवस त्यांनी हळू कोरलं. कधी टाकी बोथट झाली, कधी पाठ धरली. नाही म्हणायची हिंमत नसलेल्या भल्या माणसाला एवढंच बंड जमतं. तेराव्या दिवशी मास्तर स्वतः येऊन समोर स्टुलावर बसले, तेव्हा मिस्त्रींनी उजवी बाजू पुरी केली. अक्षर फार सुरेख आलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण म्हणतो. घाव सुनेने सोसायचे आणि देवपण घराण्याला, ही वाटणी कुणी केली?

दगड उभा करायच्या दिवशी सून पुढे झाली. तिचा आवाज स्पष्ट होता. "हा दगड लावू नका. मी मेलेली नाही."

मास्तरांचा चेहरा पडला. आणि सासू मटकन खाली बसली. "माझ्या लेकाशेजारी कुणीच नाही का गं राहणार? एकटाच पडून राहील तो?"

ती नाटक करत नव्हती. ती लेक गेलेली आई होती. तिने शिव्या दिल्या असत्या तर सून भांडली असती. पण त्या रडण्यापुढे तिचा निभाव लागला नाही. तिने खाली बसून सासूला जवळ घेतलं आणि दगड उभा राहिला.

चार दिवसांत मालकीणबाईंच्या कानावर गेलंच. "मी उगीच बोलले गं," त्या नजर चुकवत म्हणाल्या. "तुझं तर तिकडे ठरलेलंच आहे. माझा भाऊ अशा गोष्टींना घाबरतो." सून मान खाली घालून काचा पुसत राहिली.

पुढच्या रविवारी चौघं पुन्हा गेली. सासू फुलं मांडत होती, सून गवत उपटत होती, मास्तर पाण्याची बादली आणायला नळावर गेले होते. परत येऊन पाहतात तर चिमणी दगडासमोर उकिडवी बसून, जीभ बाहेर काढून, काहीतरी लिहीत होती.

"आजोबा, इथे आईच्या नावापुढे दोन अंक गाळले होते. मी भरले!"

कोरलेल्या वीसपुढे पांढऱ्या खडूचे दोन टपोरे अंक होते. शाळेच्या फळ्यावर रोज सकाळी जे साल लिहितात, त्याचेच. तिला तेवढंच साल येत होतं. यंदाचं.

सुनेच्या हातातलं गवत गळून पडलं. मास्तरांनी बादली ठेवली आणि ओल्या तळहाताने ते अंक पुसू लागले. खडू गेला तरी ते पुसतच होते. मग ते तडक मिस्त्रींच्या दुकानात गेले.

"ती उजवी बाजू बुजवता येईल का हो?"

"बुजवलं तरी दिसतं, मास्तर," मिस्त्री खाली बघत म्हणाले. "दगडच बदलावा लागेल."

मास्तरांनी फाटकाशी थांबलेल्या बायकोकडे पाहिलं. तिला न सांगताच कळलं होतं. ती नुसती मान हलवत होती. नको, नको. मास्तर पायरी उतरले.

परतीच्या वाटेवर चिमणीने आजोबांचा हात ओढला. आज डोक्यावर टपली पडली नव्हती, हे तिच्या ध्यानात आलं होतं.

"आजोबा, माझं उत्तर चुकलं का?"

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासलेला तो माणूस रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. त्याला सहा वर्षांच्या मुलीला उत्तर देता आलं नाही. तो दगड अजून तिथेच आहे. वाचकहो, असा रुंद दगड तुमच्या घराण्यातही असेल, तर एकदा जाऊन त्याची उजवी बाजू वाचा आणि मग चिमणीला उत्तर द्या.